तोतरीची साक्ष

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात नवी बाई कामाला लागली की पहिल्या दिवशी तिला पाण्यात हात घालू देत नसत. सुई, लाल दोऱ्याचं रीळ आणि तापाच्या वॉर्डातल्या चादरींची चळत देऊन तिला भिंतीकडच्या बाकावर बसवत. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात तीन टाके. भट्टीत उकळून दोरा विटतो, कुजतो, म्हणून दर महिन्याला पुन्हा घालायचा. टाका दाखवता दाखवता मुकादमबाई तिला लालदोरीची गोष्ट सांगत.

मुकादमबाईंचं वय सत्तावन्न. सोड्याच्या पाण्याने त्यांच्या बोटांची टोकं पांढरीफटक झाली होती आणि अंगठ्यावरच्या रेषा पार पुसल्या होत्या. हजेरीच्या मशीनला त्यांचा अंगठा कळत नसे. "माझी ओळख मशीनला पटत नाही, चादरींना पटते," असं त्या म्हणत आणि सही ठोकून कामाला लागत. साहेबलोक त्यांना मुकादमबाई म्हणत, हाताखालच्या पाचजणी मावशी म्हणत. मावशींची आई याच धुलाईखान्यात राबली होती, आणि आईची आईसुद्धा. आजी तर खुद्द लालदोरीच्या शेजारच्या हौदावर होती. गोष्ट सांगताना मावशी हे हटकून सांगत, आणि सांगताना त्यांची मान जराशी ताठ होई.

गोष्ट अशी. एकाहत्तर वर्षांपूर्वी शहरात तापाची साथ आली. कोळसा मिळेना, म्हणून भट्ट्या थंड पडल्या आणि सगळ्या वॉर्डांच्या चादरी गार पाण्यात, एकाच हौदात पडू लागल्या. तापाच्या रोग्याखालची चादर उद्या बाळंतिणीखाली. लालदोरी ही चार नंबरच्या हौदावरची बाई. तिच्या लक्षात आलं की बाळंतीण चांगली हसतबोलत असते, तिसऱ्या दिवशी तापाने फणफणते आणि पाचव्या दिवशी तिची चादर धुवायला येते. तिने परिचारिकेला सांगितलं, तिने हसण्यावारी नेलं. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, धुणं धू. तेव्हा तिने स्वतःच्या जुन्या शालीतला लाल धागा उसवला आणि तापाच्या वॉर्डातल्या चादरींना खुणेचे टाके घातले, म्हणजे निदान आपल्या हौदात तरी सरमिसळ नको. एका आठवड्यात अकरा बाळंतिणी गेल्या. मग एके सकाळी तापाच्या वॉर्डातल्या चाळीस चादरी न धुताच, नुसत्या झटकून, बाळंतिणींकडे न्यायचा हुकूम आला. लालदोरीने त्या मागच्या अंगणात नेल्या, वर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. साहेबांनी तिला कोठडीत टाकलं. तिथे ती तापानेच गेली. त्यानंतर पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी हुकूम काढला की तापाच्या चादरी वेगळ्या ठेवाव्यात, उकळल्याशिवाय वापरू नयेत. मृत्यू थांबले. डॉक्टरांचा फोटो दवाखान्याच्या दारात लागला, बाळंतिणींच्या वॉर्डाला त्यांचं नाव मिळालं. लालदोरीचं खरं नाव काय, ते कुणालाच ठाऊक नाही.

गोष्ट इथे संपे. ऐकणारी बहुतेक वेळा डोळे पुसे आणि टाके नीट घाले. काही वर्षांपूर्वी एकदाच एका अंगठ्याएवढ्या बाईने, तिला सगळ्या चिमटी म्हणत, मध्येच विचारलं होतं, "पण मावशी, तिनेच जाळल्या हे साहेबाला कळलं कसं?"

"साहेबांना सगळं कळतं," मावशी म्हणाल्या होत्या. त्यांच्या आईने त्यांना तेच उत्तर दिलं होतं.

साथीला एकाहत्तर वर्षं झाली त्या वर्षी रुग्णालयाला शंभर वर्षं पूर्ण व्हायची होती. मोठ्या साहेबांनी समिती नेमली, समितीने पुस्तक काढायचं ठरवलं आणि ते लिहायला शाळेतून निवृत्त झालेल्या एका मास्तरांना बोलावलं. मास्तर सरळमार्गी होते. प्रत्येक खात्यात जात, उभ्याउभ्या टिपणं घेत. धुलाईखान्यात आले तेव्हा वाफेने त्यांचा चष्मा धुरकटला. तो पुसत पुसत त्यांनी मावशींची सगळी गोष्ट ऐकली. मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

"बाई, ही गोष्ट पुस्तकात आलीच पाहिजे," ते म्हणाले. "पण मला कागद लागेल. समिती तोंडी गोष्ट घेणार नाही."

"मास्तर, आमच्याकडे कागद कुठला? आमच्याकडे चादरी."

"तिला कोठडीत घातलं म्हणता ना? मग कुठेतरी चार ओळी उमटल्या असतीलच. शोधतो."

दीड महिना मास्तर दिसले नाहीत. मावशींनी तेवढ्यात पाचहीजणींना सांगून टाकलं होतं की लालदोरी पुस्तकात येणार. इस्त्रीवाल्या बाईने तर विचारलं, "फोटो कुठला देणार गं?" त्यावर सगळ्या हसल्या आणि चिमटी म्हणाली, "माझाच द्या, तेवढीच माझी हौस."

मास्तर आले ते दुपारच्या सुट्टीत. बायका अंगणात जेवत होत्या. त्यांनी मावशींना बाजूला, कपडे वाळवायच्या तारांकडे बोलावलं. हातात जुन्या कागदाची नक्कल होती.

"सापडला," ते म्हणाले, पण तोंड सुतकी. "तुम्हाला वाचता येतं ना? की मी वाचू?"

"येतं. सावकाश येतं."

मावशी सावकाशच वाचू लागल्या. कागदावर लिहिलं होतं, की धुलाई कामगार क्रमांक चार, सदर बाईने रुग्णालयाच्या मालकीच्या चाळीस चादरी हेतुपुरस्सर जाळल्या. सदर बाई कामगारांत भीती पसरविते, वरिष्ठांशी उद्धटपणे वागते, तिच्या मनाचा तोल ढळल्याची चिन्हे दिसतात. खाली लिहिलं होतं, 'साक्षीदार'. धुलाईच्या बायकांची नावं तेव्हाही कुणी विचारत नसावं. कारकुनाने जी हाक कानावर पडली तीच उतरवली होती. भट्टीवाल्याची बायको. डावरी. थोरली. आणि चौथी तोतरी. चौघींचे अंगठे. तोतरीच्या नावापुढे तिचा जबाब पानभर होता: 'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की आरोपी बाईने चादरींवर रॉकेल ओतून त्या पेटविल्या, व पेटविताना ती असंबद्ध बडबड करीत होती. तिच्यापासून आम्हां सर्वांस धोका आहे, सबब तिला येथून दूर करावे, अशी आमची सर्वांची विनंती आहे.'

मावशींनी तो कागद दोनदा वाचला. मग त्यांना हसू आलं, आणि मास्तर दचकले.

"मास्तर, तोतरी म्हणजे माझी आजी. तिला धड 'पाणी' म्हणता येत नसे. पा-पा-पा करेपर्यंत आम्ही तांब्या भरून आणायचो. ती 'असंबद्ध' म्हणाली? 'सबब' म्हणाली?"

"ते कारकुनाचे शब्द असतात, बाई. कुणाच्याही तोंडी तेच असतात."

"म्हणजे ती बोललीच नसेल. अंगठा धरून टेकवला असेल."

"असेल," मास्तर म्हणाले. त्यांना तसं वाटत नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. "पण मला तुम्हाला दुसरंच विचारायचंय. हा एकच कागद आहे. हा घातला तर ती बाई पुस्तकात येते, पण येताना जाळपोळ करणारी म्हणून येते, आणि तुमच्या आजीची साक्ष घेऊन येते. मी खाली खुलासा लिहीन, की डॉक्टरांचा हुकूम तिच्या मरणानंतरचा आहे, तारखा बोलतात. आणि नाही घातला, तर ती येतच नाही. तुम्ही सांगाल तसं करतो. दोन दिवसांनी येऊ?"

मावशींनी मान हलवली. नक्कल घडी करून कमरेला खोचली आणि उरलेलं जेवण न जेवताच घरी गेल्या.

घर म्हणजे धुलाईखान्यामागच्या कामगारांच्या चाळीतल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत त्यांची आई खाटेवर बसलेली असे. वय एक्याऐंशी, डोळे गेलेले, कान मात्र असे तिखट की भट्टीच्या आवाजावरून सोडा टाकला की नाही ते सांगे. मावशींचा नवरा केव्हाच वारला होता, मुलगी लांब दिली होती. मायलेकी दोघीच एकमेकींना धरून होत्या.

मावशी आईच्या मागे बसल्या आणि तिचे केस विंचरू लागल्या. काही कठीण विचारायचं असलं की त्या हेच करत, म्हणजे तोंड बघावं लागत नसे.

"आई, आजीने साक्ष दिली होती?"

आईची मान कंगव्याखाली ताठ झाली.

"कुणी सांगितलं तुला?"

"कागद निघालाय. पानभर जबाब आहे आजीचा. मी मास्तरांना म्हटलं, तोतरी बाई पानभर कुठून बोलणार? अंगठा धरून घेतला असेल तिचा."

"अंगठा कुणी धरला नाही," आई म्हणाली. "मी होते तिथे. दहा वर्षांची होते. तिच्यासाठी डबा घेऊन गेले होते, तर सगळ्यांना ऑफिसात उभं केलेलं. मी तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. साहेब म्हणाला, चाळीस चादरी कुणी जाळल्या ते सांगितलं नाहीत तर संध्याकाळपर्यंत खोल्या खाली करा. बाहेर ताप, आणि दवाखान्यातल्या माणसांना गावात कुणी दारात उभं करेना. आम्ही चार भावंडं. धाकटा दोन महिन्यांचा."

"मग?"

"मग काय. साहेबाने लालदोरीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, हिनेच ना? एकीच्याही तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा तुझी आजी म्हणाली, हो."

"आजी?"

"आजीच. पहिली तीच. 'हो' म्हणायला तोतऱ्याला काय अडचण, पोरी? एकच अक्षर. मी जन्मात तिच्या तोंडून इतका स्वच्छ शब्द ऐकला नाही. तिचं ऐकून बाकीच्या तिघी म्हणाल्या."

कंगवा थांबला. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं.

"आणि ती? लालदोरी काय म्हणाली?"

"काही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या डब्याकडे. मला वाटलं, तिला भूक लागली असेल." आईने नाक पुसलं. "नवव्या दिवशी ती गेली. तापाच्या वॉर्डातच टाकली होती तिला शेवटी. तिच्या अंगाखालची चादर धुवायला आली तर कुणी हात लावेना. आईने धुतली. एकटीने. आणि वाळल्यावर तिला लाल टाके घातले. तिथून ते सुरू झालं. तुम्हाला वाटतं कौतुकाने सुरू झालं."

"मग तू मला अर्धीच गोष्ट का सांगितलीस गं? मी तीस-तीस बायकांपुढे मान ताठ करून सांगत आले, माझी आजी तिच्या शेजारी होती म्हणून!"

"शेजारीच होती," आई म्हणाली. "खोटं नाही सांगितलं मी तुला." आणि मग जरा वेळाने, "माझी आई होती ती. तुझ्यापुढे तिला कशी उघडी पाडू?"

मावशी त्या दुपारी कामावर गेल्या त्या तोंड मिटूनच. पण गोष्ट पोटात ठेवायची त्यांची जात नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी भट्ट्या पेटवायच्या आधी पाचहीजणींना बसवलं आणि कागद वाचून दाखवला; आईने सांगितलं तेही सांगितलं.

मग इस्त्रीवाली म्हणाली, "थोरली म्हणजे माझ्या सासूची आई. तिचंही नाव घालणार का पुस्तकात?"

"कागदात आहे ते येणार."

"कशाला उकरून काढायचं, मावशी? झाकली मूठ सव्वा लाखाची. मेलेल्या बायकांच्या तोंडाला काळं फासून आपल्याला काय मिळणार आहे?"

"आपल्याला नाही. तिला."

"तिला काय मिळणार? ती तर वेडी म्हणून छापली जाईल!"

"मास्तर खाली खुलासा लिहिणार आहेत."

"मास्तर लिहितील," चिमटी म्हणाली, "पण छापणार साहेब आहेत ना?"

चिमटीचं म्हणणं मावशींना तेव्हाच कळायला हवं होतं. पण त्यांच्या डोक्यात आजीचं ते 'हो' घुमत होतं. एकाहत्तर वर्षं आपण झाकत आलो, आता आणखी झाकलं तर तीही एक साक्षच झाली, असं त्यांना वाटलं. त्यांनी मास्तरांना सांगितलं, घाला. इस्त्रीवालीने त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. इस्त्री झालेल्या चादरी ती त्यांच्यासमोर ठेवी आणि भिंतीला सांगितल्यासारखं सांगे, "तीस."

चार महिन्यांनी समारंभ झाला. त्यासाठी पडदे, टेबलांवरची कापडं, पाहुण्यांच्या खुर्च्यांवरची आवरणं, सगळं धुलाईखान्यातूनच गेलं. बायकांना मागच्या दाराजवळ उभं राहायला जागा होती. भाषणं झाली, डॉक्टरांच्या फोटोला हार पडला. पुस्तकाच्या प्रती प्रत्येक खात्याला वाटल्या. धुलाईखान्याला दोन आल्या. कागद गुळगुळीत, वास नव्या बुटासारखा.

मावशींनी पान शोधलं. साथीवरचं प्रकरण अकरा पानांचं होतं आणि त्यात डॉक्टरांचे तीन फोटो होते. धुलाईखाना दोन ओळींत आटोपला होता: 'या कसोटीच्या काळात धुलाई विभागातील एका माथेफिरू स्त्रीने चाळीस चादरी जाळून टाकल्याने टंचाई अधिकच बिकट झाली. परंतु तिच्याच सहकारी भगिनींनी पुढे येऊन तिचे कृत्य उघडकीस आणले व आपली निष्ठा सिद्ध केली.' खुलासा नव्हता, तारखा नव्हत्या. कागद मात्र होता. छायाचित्र काढून शेजारी छापला होता, चार अंगठ्यांसकट.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एकाहत्तर वर्षं जिचं नाव कुठे नव्हतं ती पहिल्यांदा छापून आली, ती माथेफिरू म्हणून, आणि कागद दिला तो मावशींच्या संमतीने.

मास्तर दुसऱ्या दिवशी आले. दारातच उभे राहिले. "मी चार पानं लिहिली होती, बाई. समितीने कापली. मला छापून आल्यावरच कळलं." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलंय."

"छापतील?"

पत्र छापून आलं नाही. मास्तर मात्र नंतरही दोनदा मोठ्या साहेबांच्या दारात जाऊन बसले आणि दोनदा परत आले.

मावशींनी ती रात्र कशी काढली ते त्यांचं त्यांनाच माहीत. सकाळी त्या धुलाईखान्यात आल्या तेव्हा त्यांच्याकडे लाँड्रीचं पेन होतं, कपड्यांवर नंबर घालायचं, ज्याची शाई उकळूनही जात नाही. दोन्ही प्रती त्यांनी टेबलावर उघडल्या आणि त्या पानाच्या समासात, शाळेतल्या मुलीसारख्या गोल अक्षरांत, लिहिलं: 'ही बाई वेडी नव्हती. तिचं खरं होतं. आमच्या आज्यांनी घाबरून तिच्याविरुद्ध साक्ष दिली. तिच्या मरणानंतर डॉक्टरांनी तेच केलं जे ती सांगत होती. — धुलाईखाना.'

"दोन पुस्तकांत लिहून काय होणार?" चिमटी म्हणाली.

"काही नाही होणार."

पण दुपारी घाण कपड्यांच्या गाड्या वॉर्डावॉर्डातून येऊ लागल्या, तेव्हा एका गाडीत चादरींच्या खाली पुस्तक होतं. चिमटीनेच वॉर्डातल्या आयाला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तीन आली. परिचारिकांच्या खोलीतली, जेवणघरातली, तपासणीच्या खिडकीशी साखळीने अडकवलेली. वाचायला कुणी घेत नव्हतंच, त्यामुळे गेलेली कुणाच्या लक्षातही आली नाहीत. मावशी लिहायच्या आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ कपड्यांच्या गाडीतून पुस्तक परत जायचं. इस्त्रीवाली बोलत नव्हती ती नव्हतीच. पण एके दिवशी तिने गाठोड्यातून एक प्रत काढून मावशींसमोर आपटली. बाह्यरुग्ण विभागातली होती, तिच्यावर चहाचा डाग होता. "एक," ती भिंतीला म्हणाली.

अशी चौतीस पुस्तकं झाली. पस्तिसावं पुस्तक मोठ्या साहेबांच्या स्वतःच्या खोलीतलं होतं. ते नेणं हा शहाणपणा नव्हता. पाहुण्याला दाखवायला साहेबांनी पान उघडलं, आणि बिंग फुटलं.

साहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी एकेकीला वर बोलावलं. टेबलावर टाईप केलेला कागद होता: संस्थेच्या मालमत्तेचे विद्रूपीकरण मुकादम बाईने केले, हे मी स्वतः पाहिले. खाली सहीची जागा. "हे पाहा," साहेब प्रत्येकीला म्हणाले, "धुलाईचं काम कंत्राटाने बाहेर द्यायचा विचार चालूच आहे. चाळीच्या खोल्यांचाही विचार करावा लागेल. तुमच्यापैकी ज्यांनी काही केलेलं नाही त्यांना मी का त्रास देऊ?"

पहिल्या दोघी म्हणाल्या, आम्ही काही पाहिलं नाही. तिसरी म्हणाली, मला वाचता येत नाही. इस्त्रीवाली म्हणाली, "साहेब, मी सहा महिने त्या बाईशी बोलत नाही. ती काय करते मला काय ठाऊक?" आणि पाठ फिरवून निघून आली.

चिमटी शेवटी गेली. तिचा नवरा वर्षभर अंथरुणाला होता, तीन पोरं, एकच खोली. ती खाली आली तेव्हा पायऱ्यांवर मावशी उभ्या होत्या. चिमटीच्या बोटाला शाई लागली होती आणि ती बोट कपड्याला पुसत होती, पुसतच होती. मावशींना सांगावं लागलं नाही.

मावशींना त्याच आठवड्यात काढलं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. चाळीतली खोली पंधरा दिवसांत सोडायची होती. मावशींच्या एका चुलतभावाने गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खोली दिली. सामान हातगाडीवर मावलं. वर गाद्या टाकल्या आणि गाद्यांवर आईला बसवलं. म्हातारी दोन्ही हातांनी गाडीची कड धरून बसली होती.

चिमटी आली. सगळी चाळ बघत असताना आली आणि गाडी ढकलायला लागली. नाका आला तेव्हा तिने तोंड उघडलं.

"मावशी, मला चपलेने मारा."

"तुला मारून माझी नोकरी येणार आहे का?"

"मी काय करायला हवं होतं, सांगा."

मावशींनी गाडी थांबवली. खरं म्हणजे त्यांना तिचा संताप आला होता, इतका की हात शिवशिवत होते. पण पोरांची नावं त्यांना पाठ होती. दोन महिन्यांच्या त्या धाकट्या मामाला त्यांनी म्हातारा होऊन मरताना पाहिलं होतं. आजीने 'हो' म्हटलं नसतं तर तो कदाचित त्या आठवड्यातच गेला असता.

"ते मला नाही सांगता यायचं," त्या म्हणाल्या. "पण मुकादम आता तुलाच करतील. सही केलेल्यालाच करतात. नवी बाई आली की तिला लालदोरीची गोष्ट सांगायची. तोतरीची सांगायची. आणि तुझीही सांगायची. झाकायची नाही. एवढं कर."

चिमटीने मान हलवली. गाडी पुढे गेली.

आई त्या खोलीत फार दिवस राहिली नाही. थंडी सरता सरता गेली. शेवटचे काही दिवस ती भट्टीचा आवाज का येत नाही म्हणून विचारत होती. मावशी एका लॉजवर चादरी धुवायला जाऊ लागल्या. तिथे सगळ्या चादरी एकाच मशीनमध्ये पडत.

चिमटी मुकादम झाली, मावशी म्हणाल्या तशीच. उन्हाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी ती भेटायला आली. पाणीही न पिता म्हणाली, "नवी आली कामाला."

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळं?"

चिमटीने चटईची काडी ओढायला सुरुवात केली. "तोतरीपर्यंत सांगितलं. 'हो' म्हणाली तेही सांगितलं. तुम्ही पुस्तकात लिहिलंत तेही. मग ती विचारते, मावशींना का काढलं? कुणी सांगितलं साहेबांना?"

"मग?"

"मी म्हटलं, साहेबांना सगळं कळतं." ती रडायला लागली. "जीभच वळेना हो, मावशी."

मावशींनी तिला रडू दिलं. उठून जवळ गेल्या नाहीत.

"माझ्या आईला एकाहत्तर वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "तुझ्यापाशी तेवढी वर्षं नाहीत. आठ दिवस घे."

आठ दिवस गेले, पंधरा गेले. चिमटी आली नाही. मावशींनी मनातून तिचा नाद सोडला होता. तिसऱ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात पंचविशीतली एक अनोळखी बाई उभी होती. बोटांची टोकं नुकतीच पांढरी पडायला लागलेली.

"मावशी तुम्हीच ना?" ती म्हणाली. आत यायला तयार नव्हती. "मुकादमबाई म्हणतात, तुमच्याविरुद्ध सही त्यांनी केली. काल भट्टीपाशी सगळ्यांसमोर सांगितलं. खरं आहे का ते?"

"खरं आहे."

"त्यांच्या घरासाठी केली, म्हणतात."

"तेही खरं."

त्या बाईच्या चेहऱ्यावर राग होता, नवा, कोरा. "मग मी उद्यापासून त्यांच्या हाताखाली काम कसं करू?"

मावशींनी तिच्या पांढऱ्या पडू लागलेल्या बोटांकडे पाहिलं.

"शिकून घे तिच्याकडून," त्या म्हणाल्या. "कामाला चोख आहे ती."